खुले पत्र: स्क्रॅच कार्डची सोडत कोणत्या कायद्यात बसते, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना बजावले, की तीन महिन्यांत आपापले डार्क पॅटर्न, म्हणजे ॲप-संकेतस्थळांवरच्या ग्राहकाला फसवणाऱ्या रचना, स्वतःच तपासा. नोव्हेंबरात २६ कंपन्यांनी 'आमच्याकडे काही नाही' असे लिहूनही दिले. आरोपीनेच पंचनामा लिहायचा आणि सरकारने तो दप्तरी लावायचा, उत्तम सोय आहे. इकडे पेमेंट ॲपवर लाइट बिल भरले की घासायचे चंदेरी स्क्रॅच कार्ड समोर येतेच.

त्या कार्डची रचना जरा बघा. निकाल सर्व्हरवर आधीच ठरलेला असतो. बोटाने घासणे हा निव्वळ देखावा. 'जिंका ५,००० रुपयांपर्यंत' यातला 'पर्यंत' बारीक अक्षरांत. समजा, १ लाख व्यवहारांवर १ लाख रुपये वाटायचे आहेत. प्रत्येकाला रुपया दिला तर कुणी ढुंकून बघणार नाही. म्हणून १० जणांना ५,००० द्यायचे, १० हजार जणांना ५ रुपये, आणि उरलेल्या ८९,९९० जणांना 'बेटर लक नेक्स्ट टाइम'. खर्च तेवढाच, पण पुढचे बिल भरायला सगळे त्याच ॲपवर. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हे कधीच दाखवून दिले होते: दर टोचीला दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला, तर कबुतर लवकर थांबते, दाण्याचा नेमच नसेल, तर दाणे संपल्यावरही टोचत राहते. आमच्या बोटांचे तेच झाले आहे.

बरे, 'जिंकलात!' म्हणजे काय, तर ९९९ रुपयांच्या खरेदीवर १०० रुपये सूट, तीही दोन दिवसांत संपणारी. हे बक्षीस नव्हे, दुसऱ्या कंपनीची जाहिरात आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या तुमच्याच मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्नचे १३ प्रकार आहेत. त्यात छुपी जाहिरात आहे, खोटी घाईही आहे. नाही ते फक्त नशिबावर टांगलेले बक्षीस. नेमके तेच कसे सुटले?

कायदा नाही असेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) वाचा. विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ चालवणे ही अनुचित व्यापार प्रथा, शासनाने ठरवून दिलेले अपवाद वगळता. योजना संपल्यावर अंतिम निकाल दडवणे, हीसुद्धा. एका तरी ॲपने दिवाळीची ऑफर संपल्यावर कितींना किती मिळाले हे छापले आहे का? तामिळनाडूत बक्षीस योजनांवर १९७९ पासून बंदीचा कायदा आहे, म्हणून कितीतरी ऑफरच्या अटींत तामिळनाडू वगळलेले असते. म्हणजे कायदा कंपन्यांना नीट कळतो. तो फक्त दिल्लीत कळत नाही. आणि तक्रार केली की कंपनीचेच उत्तर आमच्याकडे सरकवले जाते: 'अटी व शर्तींनुसार'. तक्रार बंद.

पण तुम्ही तरी कोणत्या तोंडाने बोलणार? नोटाबंदीनंतर, २५ डिसेंबर २०१६ पासून सरकारनेच 'लकी ग्राहक योजना' काढली: रोज १५ हजार जणांना १,००० रुपये, शेवटी १ कोटी. ते १ कोटी लातूरला गेले आणि टाळ्या वाजल्या. एटीएमपुढच्या रांगांची चर्चा मागे पडावी यासाठी याहून स्वस्त प्रचार कुठला? २०२३ मध्ये 'मेरा बिल मेरा अधिकार': २०० रुपयांचे बिल अपलोड करा, कोटीची सोडत. पक्के बिल हा आमचा हक्क, त्यासाठीसुद्धा लॉटरी! निवडणुकीच्या जाहीरनाम्यांबद्दल तर बोलायलाच नको. सगळ्याच पक्षांना आता धोरण समजावण्यापेक्षा आकडा फेकणे सोपे वाटते.

असो. मागण्या साध्या आहेत. कार्डवरच, त्याच आकाराच्या अक्षरांत, किती कार्डांमागे किती रोख बक्षिसे हे छापा. चीनने ऑनलाइन खेळांतल्या नशिबाच्या पेट्यांना (पैसे भरून उघडायच्या, आत काय निघेल ते न सांगणाऱ्या) २०१७ मध्ये अशी शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. कूपनला 'बक्षीस' म्हणायला बंदी घाला. योजना संपली की ठरलेल्या मुदतीत निकाल ॲपवर लागला पाहिजे. १३ च्या यादीत चौदावा प्रकार घाला. आणि तपासणी कंपनीकडून नको, बाहेरच्या माणसाकडून करा, सर्व्हरवरच्या नोंदींसकट. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाचा अधिकार प्राधिकरणाला आहेच, पुन्हा केल्यास ५० लाख. तो वापरायला मुहूर्त हवा असेल, तर तेवढा कळवा.

आपला,
एक ग्राहक