फॅमिली कोर्टाची बातमी अर्धवट छापली की काय होतं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ठाण्यात कोर्ट नाक्याला मी टायपिंगचं काम करते. भाडेकरार, नाव बदलायचे कागद, आणि त्याच्याबरोबर पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा असले अर्ज आणि अ‍ॅफिडेव्हिट. मी काही वकील नाही, त्यामुळे कायद्यावर भाषण देणार नाही. पण फॅमिली कोर्टाबद्दल पेपरात काही छापून आलं की दुसऱ्या दिवशी लोक मोबाईल पुढे करून "मॅडम हे बघा, आता असं झालंय ना" करत माझ्याच टेबलाशी येतात, म्हणून लिहितेय.

१ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला आणि सगळीकडे एकच हेडिंग, घटस्फोटासाठी आता सहा महिने थांबायची गरज नाही. झालं, म्युच्युअलवाले, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट घेणारे जोडपे यायला लागले की आजच फाईल करायची आणि पुढच्या तारखेला मोकळं व्हायचं. निकालात होतं काय, तर लग्न पूर्ण मोडलेलं असेल, जुळायची काहीच शक्यता उरली नसेल तर सुप्रीम कोर्ट राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा स्वतःचा अधिकार वापरून थेट घटस्फोट देऊ शकतं. हा अधिकार सुप्रीम कोर्टाचा. ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या कोर्टाकडे कलम १४२ नाही, आणि या कारणासाठी थेट सुप्रीम कोर्टात रिट याचिका करता येणार नाही हेसुद्धा त्याच निकालात लिहिलेलं आहे. खालच्या कोर्टासाठी सुप्रीम कोर्टाचा २०१७ चाच निकाल चालतो, म्हणजे संमतीच्या अर्जानंतर थांबायचे सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्याआधी दीड वर्ष वेगळं राहून झालेलं पाहिजे, समेटाचे प्रयत्न फसलेले पाहिजेत, पोटगी आणि मुलांचं ठरलेलं पाहिजे, आणि मग न्यायाधीशांना पटलं तर. हे दोन वाक्यांत छापता आलं असतं. कुठल्या कोर्टाने म्हटलं आणि कुठल्या कोर्टाला लागू, एवढं जरी हेडिंगच्या खाली पहिल्या ओळीत दिलं असतं तरी किती जणांचा हेलपाटा वाचला असता.

पंचवीस टक्क्यांचं तर विचारूच नका. २०१७ मधेच सुप्रीम कोर्टाने एका केसमधे नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी योग्य ठरेल असं म्हटलं. त्या माणसाच्या हातात साधारण ९५ हजार येत होते, हायकोर्टाने २३ हजार ठरवले होते, सुप्रीम कोर्टाने ते २० हजारावर आणले कारण त्याचं दुसरं लग्न झालं होतं आणि मूल होतं. म्हणजे रक्कम कमी झाली होती, वाढली नव्हती! पण लोकांपर्यंत पोचलं काय, तर पगाराचे पंचवीस टक्के बायकोला द्यावेच लागतात असा कायदा आहे. नवरे घाबरून येतात, बायका तेवढेच धरून बसतात, आणि आत गेल्यावर कळतं की कोर्ट दोघांची कमाई, जबाबदाऱ्या, राहणीमान, मुलांचा खर्च सगळं बघून आकडा काढतं.

तसंच अंतरिम आणि अंतिमचं. अंतरिम पोटगीचा आदेश म्हणजे केस चालू असेपर्यंतची सोय, त्याला बातमीत "पत्नी जिंकली" म्हणून छापतात. सुनावणीत न्यायाधीश सहज काही बोलून गेले की तो "हायकोर्टाचा निर्णय" होतो.

आता तुम्ही म्हणाल वार्ताहर तरी काय करणार, फॅमिली कोर्टाचं दार बंद असतं. खरं आहे. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात एका बाजूने जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मधे तर सुनावणीतलं काही छापायलाच बंदी, हायकोर्ट सुप्रीम कोर्टाचे निकाल तेवढे परवानगीने छापता येतात. मोडलं तर दंड किती, एक हजार रुपयांपर्यंत. ठाण्यात दोघं जेवायला गेले तरी तेवढं बिल होतं, त्यामुळे त्याला कोण घाबरतंय.

दार बंद ठेवण्याच्या विरोधात मी नाही हे आधीच सांगते. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या केसमधे दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं सविस्तर अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, मीच टाईप करते ती. बँकेतली शिल्लक, दागिने, कर्जाचे हप्ते, मुलाची फी, आईच्या औषधांचा खर्च, सगळं त्यात असतं. टाईप करताना माझीच मान खाली जाते, ते पेपरात कशाला पाहिजे. आणि नाव छापलं नाही म्हणजे ओळख लपली असं नसतं हो. घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायटीत राहणारी, बँकेत मॅनेजर, नवरा मर्चंट नेव्हीत, मुलगी आठवीत, एवढं दिलं की वॉचमनसुद्धा फ्लॅट नंबर सांगेल. अशा बातम्या मी वाचल्यात (तुमच्याच पेपरात असं नाही, सगळेच करतात), आणि त्यातल्या त्या आठवीतल्या मुलीला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं.

पण बंद दाराचा दुसरा परिणामही रोज बघते. आत काय होतं हे कुणालाच माहीत नाही म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर अर्धे लोक सांगतात कोर्ट बायकांचंच ऐकतं, आणि उरलेले सांगतात नवऱ्याने पैसे चारले. पेपरात दिसतात फक्त नटनट्यांचे घटस्फोट आणि कोटींच्या पोटगीचे आकडे. बारा-पंधरा हजारांत भांडणाऱ्या घरांना कोर्ट काय देतं, मुलाला दर रविवारी भेटायचं कसं ठरतं, काउन्सेलर काय करतात, तारखा का पडतात, हे कुठेच येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समधे यावर एक रस्ता काढलाय. जानेवारी २०२३ मधे लीड्स, कार्डिफ आणि कार्लाईल या तीन ठिकाणी सुरुवात केली आणि २०२५ च्या जानेवारीत सगळ्या फॅमिली कोर्टांना लागू केलं. तिथे पत्रकार आत बसू शकतो, कोर्टाने तसा आदेश दिला की बातमी करू शकतो, पण मुलांची आणि घरच्यांची ओळख पटेल असं काही द्यायचं नाही, आणि काय देता येईल काय नाही ते आदेशातच लिहिलेलं असतं. आपल्याकडे लगेच तसंच करा असं मी म्हणत नाही, त्यासाठी कायदा बदलावा लागेल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे कोर्टाच्या लाईव्ह प्रक्षेपणाला हो म्हटलं तेव्हाही लग्नाच्या केसेस बाहेर ठेवल्या, आणि ते बरोबरच केलं.

पण तुमच्या हातात आहे तेवढं तरी करा. हायकोर्टाचा निकाल छापता तेव्हा बातमीदाराने तो पूर्ण वाचलेला असू दे, एजन्सीच्या चार ओळींवर भागवू नका. गावाचं नाव, नोकरी, शाळा, सोसायटी हे सगळं वगळा, त्याने बातमीचं काही बिघडत नाही. चुकलं तर दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात न टाकता मूळ बातमी जिथे होती तिथेच छापा. आणि जमलं तर ठाणे आवृत्तीत आठवड्यातून एकदा एखाद्या वकिलाकडून किंवा रिटायर्ड न्यायाधीशांकडून छोटा कॉलम लिहून घ्या, पोटगीचा अर्ज कुठे करायचा, अंतरिम म्हणजे काय, ताबा आणि भेटीचा हक्क यात फरक काय. कात्रण मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवीन.

नाव छापू नये ही विनंती, मला रोज तिथेच बसायचं असतं.

आपली वाचक,
एक टायपिस्ट, कोर्ट नाका, ठाणे (प.)