मत्तय कोणता, हे उलट्या चित्रावरून ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या ‘मत्तयाला पाचारण’ या चित्रावरचा (येशू जकातदार मत्तयाला शिष्य होण्यासाठी बोलावतो तो प्रसंग) लेख वाचला. अशा विषयाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंद आहे. परंतु चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापले आहे, वरून कापलेही आहे, आणि त्याच्याच आधारे ‘टेबलाच्या टोकाला मान खाली घालून नाणी मोजणारा तरुण हाच मत्तय, हे आता सिद्ध झाले आहे’ असे वाचकांना सांगितले आहे. हे सोडून देण्यासारखे नाही.

चित्र उलटे आहे की सुलटे, हे कोणत्याही उपसंपादकाला अर्ध्या मिनिटात तपासता येते. मूळ चित्रात येशू पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूच्या कडेला उभा आहे आणि त्याने उजवा हात पुढे केला आहे. तुमच्या पानावर तो डाव्या कडेला गेला आणि हातही डावा झाला. या हातावर चित्राचा बराच अर्थ उभा आहे. सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलँजेलोने रंगवलेल्या आदामाचा (बायबलमधल्या पहिल्या माणसाचा) सैल सोडलेला डावा हात काराव्हाज्जोने घेतला आणि बाजू बदलून येशूला दिला. ख्रिस्त हा नवा आदाम, हा बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतला विचार त्यामागे आहे असे अभ्यासक मानतात. छायाचित्र उलटवले की चित्रकाराने केलेला बदल पुसला जातो.

दुसरी खूण उजेडाची. हे चित्र रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये, कोंतारेल्ली चॅपलच्या (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनास्थळाच्या) डाव्या भिंतीसाठी 1599–1600 मध्ये रंगवले, आणि आजही ते तिथेच आहे. चॅपलची खरी खिडकी वेदीच्या वर आहे. डाव्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की वेदी उजव्या हाताला येते, म्हणून चित्रातला उजेडही उजवीकडून, वरून उतरतो. चित्रात रंगवलेली खिडकी मात्र मंद आहे, तिच्यातून उजेड येत नाही. येशूच्या डोक्यावरून भिंतीवर पडलेला तिरपा पट्टा त्याच्या हाताच्या दिशेनेच टेबलापर्यंत जातो. तुम्ही नेमका हाच भाग कापला आहे. चित्र सुमारे 322 सें.मी. उंच आणि 340 सें.मी. रुंद, म्हणजे जवळपास चौरस आहे, आणि त्याचा वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामी भिंत आहे. आडव्या पट्टीत बसवायला ती भिंत ‘रिकामी’ म्हणून काढली, की बोलावणे कुठून येते हेच वाचकाला दिसत नाही.

आता मत्तय कोणता? तरुणाच्या बाजूने बोलणारे अभ्यासक आहेत, 1980च्या दशकापासून हे मत जोराने मांडले गेले, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. टेबलाशी मधे बसलेल्या दाढीवाल्याचे बोट स्वतःकडे आहे की पलीकडच्या तरुणाकडे, हे खरोखर संदिग्ध आहे. तरुणाने अजून वर पाहिलेले नाही, तेव्हा हा येशूच्या ‘माझ्यामागे ये’ या शब्दांच्या लगेच आधीचा क्षण आहे, असे वाचन होऊ शकते. पण ‘सिद्ध झाले’ हे चूक आहे. काराव्हाज्जोचा चरित्रकार बेल्लोरी याने 1672 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनात नाणी मोजायचे थांबून, छातीवर हात ठेवून प्रभूकडे वळलेला तोच संत मत्तय, आणि कोपऱ्यात नाणी ओढून घेणारा तरुण वेगळा. शिवाय त्याच चॅपलमध्ये काराव्हाज्जोचीच आणखी दोन चित्रे आहेत : समोरच्या भिंतीवर मत्तयाचे हौतात्म्य आणि वेदीवर देवदूताचे ऐकून लिहिणारा मत्तय (1602). दोन्हींत मत्तय दाढीवाला आणि वयस्क आहे. तिन्ही चित्रे एकाच वेळी पाहणाऱ्या भाविकाने दाढीवाल्यालाच मत्तय समजावे, हे उघड आहे. माझे मतही तेच. लेखात या दोन चित्रांचा उल्लेखच नाही!

लेखकाने पिसांच्या टोप्या आणि तलवारीला ‘काळाची चूक’ म्हटले आहे. टेबलावरची पाचही माणसे 1600 च्या रोममधल्या कपड्यांत आहेत आणि येशू व त्याच्यासोबतचा शिष्य पेत्र जुन्या पद्धतीच्या झग्यांत, अनवाणी. एकाच चित्रात दोन काळ शेजारी ठेवले ते जाणूनबुजून : बोलावणे त्या काळच्या जकातदाराला होते तसे चित्र पाहणाऱ्या रोमकरालाही होते. पेत्राची आकृती नंतर घातलेली आहे, हे क्ष-किरण तपासणीत दिसले आहे. म्हणजे चित्रकार कोणाला कुठे उभे करायचे याचा पुन्हा पुन्हा विचार करत होता. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून काम केलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली, तीही काय चूक समजायची?

आणखी एक. चित्राखाली फक्त ‘सौजन्य : इंटरनेट’ एवढेच आहे. चित्रकार, वर्ष, माप, कोणत्या गावी कोणत्या भिंतीवर आहे, एवढी एक ओळ असती तर चूक छपाईआधीच सापडली असती. धार्मिक चित्रांच्या बाबतीत ही ओळ नेहमीच गाळली जाते, नाताळच्या पानांवर तर हमखास.

येत्या रविवारी हे चित्र सुलटे, पूर्ण आणि या ओळीसह पुन्हा छापावे, शेजारी चॅपलमधली उरलेली दोन्ही चित्रे द्यावीत, आणि ‘सिद्ध झाले’ हे विधान मागे घ्यावे, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, वसई