यंत्रे आली, किडनीचे डॉक्टर कधी येणार? कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय यांस,
सादर नमस्कार.

मी बेळगाव सीमाभागातील एका खेड्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून गेली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतो, आता तालुक्याच्या गावच्या केंद्रात. गेल्या वर्षी हे केंद्र सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावरून सांगण्यात आले होते की दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या मंगळवारी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ येथे येऊन रुग्ण तपासतील. तसा फलकही लागला. त्यानंतर सात महिन्यांत ते दोनदा आले. गेल्या मंगळवारी आम्ही पंधरा जण सकाळी दहापासून बाकांवर बसलो होतो. दुपारी दोन वाजता शिपाई आला आणि त्याने कोणाशी काही न बोलता तो फलकच काढून नेला. वचन पाळता येत नसेल तर निदान फलक काढावा, इतका प्रामाणिकपणा शासनात शिल्लक आहे, हे पाहून समाधान वाटले.

त्या बाकावर घाटाकडच्या गावातून पहिल्या गाडीने आलेली एक बाई होती. तिच्या मांडीवर आठेक वर्षांचा मुलगा होता. त्याचा चेहरा इतका सुजला होता की डोळे फटीएवढे दिसत होते. गावात कोणीतरी कावीळ समजून त्याच्या गळ्यात माळ घातली होती. लघवीला फेस येतो का, एवढे मी तिला विचारले, कारण तो प्रश्न मलाही विचारला गेलेला आहे. ती हो म्हणाली. लहान मुलांच्या अशा सुजेमागे पुष्कळदा लघवीतून प्रथिने वाहून जाण्याचा विकार असतो आणि बहुतेक मुलांत तो योग्य गोळ्यांनी आटोक्यात येतो. पण त्या गोळ्या कोणत्या, किती आणि किती दिवस, हे जाणकारानेच ठरवायचे असते. ती बाई दोनच्या गाडीने परत गेली.

माझी स्वतःची हकीकतही ऐका. गुडघे दुखतात म्हणून मी अडीच वर्षे वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या, मधूनमधून इंजेक्शनेही घेतली. रक्तदाब होता, पाय सुजत होते, आणि मला सांगितले जात होते, "वय झाले, गुरुजी." पुढे हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ४.८ निघाले; ते एरवी एकच्या आसपास असते. शस्त्रक्रिया राहिली आणि मी मिरजेला एका किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास नुसते विचारले, लघवीची तपासणी केली, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली पाहिली आणि शांतपणे सांगितले की क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोपर्यंत मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम गेलेले असते. दोन वर्षे आधी लघवीतील प्रथिने कोणी पाहिली असती, रक्तदाब नीट आवरला असता आणि त्या गोळ्या थांबवल्या असत्या, तर आज ही पाळी बहुधा आली नसती. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी व शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया, वेळेत न केल्याने माझे पहिले सहा आठवडे मानेत नळी घेऊन गेले. कूस बदलता येत नसे. नातू जवळ येईना.

मंत्रिमहोदय, मी कृतघ्न नाही. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, यंत्रे जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत पोहोचली, आणि त्यातल्याच एका यंत्रामुळे मी हे पत्र लिहू शकतो. परंतु यंत्र हे शेवटचे स्थानक आहे. त्याच्या आधीची सगळी वाट किडनीच्या डॉक्टरची: रोग मधुमेहाने आहे, रक्तदाबाने आहे की मूत्रपिंडाच्या गाळणीलाच सूज आहे हे ओळखणे, गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणे, खडा अडकला असेल तर शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडे धाडणे, आणि डायलिसिसचा दिवस जितका लांबवता येईल तितका लांबवणे. आपल्या अहवालांत यंत्रांची संख्या छापली जाते. लांबवलेले दिवस कोण मोजणार?

आणि यंत्राला तरी डॉक्टर लागतच नाही, असे का धरले आहे? अंगातले जादा पाणी काढून उरावे ते वजन, म्हणजे ड्राय वेट, वेळोवेळी ठरवून द्यावे लागते. माझ्या कागदावर ते पाच महिने ५२ किलोच आहे. मधल्या काळात जेवण सुधारले, अंगावर थोडे मांस धरले. पण ते मांस आहे की पाणी, हे ठरवणारा माणूस फिरकला नाही. गेल्या महिन्यात यंत्राने त्या आकड्याप्रमाणे साडेतीन लिटर पाणी ओढले, माझा रक्तदाब कोसळला आणि पायांत असे गोळे आले की मी शाळकरी पोरासारखा ओरडलो. तंत्रज्ञ बिचारा भला आहे. "कागद बदलायचा अधिकार मला नाही, सर," एवढेच तो म्हणाला.

माझ्या हिशेबाने वर्षाला १०४ फेऱ्या, यंत्रावर ४१६ तास. चूक असेल तर आपल्या खात्याने दुरुस्त करावी. पत्नीला महिलांसाठीच्या शक्ती योजनेत बस फुकट, मला तिकीट. आजारी मी, सवलत तिला, यावर घरात हसतो. दोन राज्ये आमच्या गावांसाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभी आहेत. महाराष्ट्राने ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना देऊ केली, तर त्यावर आपल्या सरकारने हरकत घेतली. जमीन दोघांनाही हवी, तीवर राहणाऱ्यांची मूत्रपिंडे मात्र कोणालाच नकोत. डायलिसिसच्या संमतीपत्रावर मी सही केली ती कन्नड मजकुराखाली. बाजारापुरते कन्नड मला येते, जोखमीची कलमे वाचण्याइतके येत नाही.

साडेअकरा वर्षे शिकल्यावर एक किडनीचा डॉक्टर तयार होतो, तो प्रत्येक तालुक्यात बसवा असे मी म्हणत नाही. पंधरवड्यातून एक दिवस खरोखर पाठवा, येणार नसेल तर आदल्या दिवशी रुग्णांना फोन करा, आणि साखर व रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची लघवी व क्रिएटिनिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासायला लावा. संमतीपत्र मराठीतही छापा.

उत्तर पाठवणार असाल तर कृपया मराठीत पाठवावे. कन्नड पत्र वाचून घेण्यासाठी मला त्या तंत्रज्ञाकडेच जावे लागेल, आणि त्याला एकट्याला सहा यंत्रे सांभाळायची असतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव सीमाभाग