प्योंगयांगच्या दूतावासाने काय वाचावे? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

जुलै २०२१ मध्ये बंद पडलेला प्योंगयांगचा आपला दूतावास पुन्हा सुरू करण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय पथक तिथे परतले, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. आता तिथून दिल्लीला येणाऱ्या अहवालांत उत्तर कोरियाच्या परराष्ट्र खात्यातील भेटीगाठी कमी आणि तिथल्या सत्ताधारी कामगार पक्षाचा ‘संघटन व मार्गदर्शन विभाग’ जास्त दिसावा, ही आमची पहिली मागणी. वरिष्ठांच्या नेमणुका, बढत्या, चौकश्या या विभागाच्या हातात असतात. प्रत्येक खात्यात आणि पलटणीत पक्षसमिती असते, दर आठवड्याला आत्मटीकेची बैठक होते, आणि या साऱ्याची सूत्रे वर याच विभागाकडे जातात. समोर बसलेल्या उपमंत्र्याला स्वतःचे असे फार काही ठरवता येत नाही.

किम घराण्याची सत्ता टिकली ती याच विभागामुळे. देशाचे पहिले नेते किम इल सुंग यांचे पुत्र किम जोंग इल १९६४ मध्ये पदवी घेऊन तिथेच कामाला लागले आणि १९७३ मध्ये त्याचे प्रमुख झाले. १९७४ मध्ये पक्षाने त्यांना आतल्या आत वारस ठरवले. नेत्याची आज्ञा बिनशर्त पाळण्याची ‘दहा तत्त्वे’ही त्याच वर्षीची. त्यांचे नाव जगापुढे आले ते थेट १९८० च्या सहाव्या महाअधिवेशनात. मधली सहा वर्षे पक्षाचे मुखपत्र त्यांना नावाने न संबोधता ‘पक्षकेंद्र’ म्हणत असे. मूळ कोरियन मजकूर रोज बारकाईने वाचणाऱ्यालाच अशी खूण सापडते. म्हणून दूतावासात कोरियन सहज वाचणारे किमान दोन अधिकारी कायम असावेत, आणि त्यांची बदली एकाच वेळी होऊ नये. एक गेला की दुसऱ्याने नव्याला तयार करायचे. नाहीतर दर तीन वर्षांनी पाटी कोरी.

जुलै १९९४ मध्ये किम इल सुंग वारले, तेव्हा मुलाच्या हाताखाली ही यंत्रणा वीस वर्षे मुरलेली होती. किम जोंग इल यांचे पुत्र आणि आजचे नेते किम जोंग उन यांना तेवढी सवड मिळाली नाही. वडिलांना ऑगस्ट २००८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. २७ सप्टेंबर २०१० ला मुलगा जनरल झाला, दुसऱ्या दिवशी पक्षाच्या केंद्रीय लष्करी आयोगाचा उपाध्यक्ष, आणि १७ डिसेंबर २०११ ला वडील गेले. म्हणजे उघड उमेदवारी जेमतेम पंधरा महिन्यांची. अंत्यविधी समितीच्या २३२ नावांच्या यादीत पहिले नाव त्यांचे होते, तेव्हा वारस कोण हे स्पष्टच झाले. पण शवपेटीच्या गाडीसोबत त्यांच्याबरोबर चाललेल्या सात जणांचे पुढे काय झाले, ते त्याहून बोलके आहे. लष्करप्रमुख री योंग हो यांना जुलै २०१२ मध्ये पदावरून हटवले. आत्याचे यजमान जांग सोंग थेक यांना डिसेंबर २०१३ मध्ये मृत्युदंड दिला. त्याच वर्षी ‘दहा तत्त्वां’त बदल होऊन पेक्तू पर्वताच्या नावाने ओळखला जाणारा घराण्याचा वंश त्यांत आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये क्वालालंपूर विमानतळावर सावत्रभाऊ किम जोंग नाम यांच्यावर व्हीएक्स या विषाचा प्रयोग झाला. उमेदवारी तोकडी पडली, तिची भरपाई अशी रक्ताने झाली, असे आमचे मत आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून मुलगी किम जू ए हिची छायाचित्रे येत आहेत. त्यांवरून वारसाचा निष्कर्ष काढण्याची घाई नको. तिला पक्षात कोणते पद मिळते आणि कोणाच्या जागी, याकडे लक्ष ठेवावे.

दुसरी मागणी प्रशिक्षणार्थींची. देहरादूनच्या अंतराळ प्रशिक्षण केंद्रात उत्तर कोरियाचे विद्यार्थी येत, यावर उत्तर कोरियावरील निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये बोट ठेवले होते. रशियाच्या नकाराधिकारामुळे ती समिती ३० एप्रिल २०२४ ला संपली. आता अशी चूक दाखवणारी ती समिती उरलेली नाही. तेव्हा प्रत्येक अर्ज आपणच तपासायला हवा. अर्जावरची संस्था पाहून थांबू नये, तिच्या वर पक्षाचा कोणता विभाग आहे तेही पाहावे.

तिसरी मागणी औषधांची. जुलै २०२० मध्ये भारताने १० लाख डॉलरची क्षयरोगाची औषधे मंजूर केली होती. अशी मदत पुन्हा द्यावी. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, तो मध्येच तुटला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्यामुळे ‘पाहणी करू द्या, मग पुढचा हप्ता’ ही अट रुग्णाच्याच जिवावर उठते. पाहणीची परवानगी पहिली पेटी निघण्यापूर्वी लेखी घ्यावी, आणि ती केवळ राजधानीपुरती नसावी. १९९० च्या दशकातल्या दुष्काळात ईशान्येकडचे हामग्योंग प्रांत सर्वांत आधी उपाशी पडले होते. तिथल्या दवाखान्यांची नावे त्या कागदावर असावीत. १९५३ मध्ये कोरियन युद्धातल्या युद्धकैद्यांच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी भारताला मान्यता दिली आणि कोल्हापूरकडचे जनरल थोरात आपले सैनिक घेऊन तिथे पहाऱ्याला उभे राहिले. एवढे मागण्याचा अधिकार भारताला आहे.

आपले,
कोरियाई राजकारणाचे अभ्यासक