राज्यसभेत गोव्याचा एकच आवाज

संपादक महोदय,

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, पण २४५ सदस्यांच्या राज्यसभेत आपला खासदार एकच, तर उत्तर प्रदेशाचे ३१ आहेत. जर्मनीही संसदीय संघराज्यच. तिथल्या बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभागृहात मात्र ब्रेमेनसारख्या चिमुकल्या राज्यालाही ३ मते आहेत, सर्वांत मोठ्या राज्याला ६ पेक्षा जास्त नाहीत आणि ती मते राज्य सरकारच्या प्रतिनिधींना एकगठ्ठाच द्यावी लागतात. आपल्याकडे २००३ पासून उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अटही उरलेली नाही, हे मला फार खटकते. ऐन उन्हाळ्यात सत्तरी तालुक्यात, जिच्या पाण्यावरून कर्नाटकाशी वाद आहे त्या म्हादई नदीच्या पात्रातले उघडे पडलेले दगड पाहताना या एका जागेचे तोकडेपण जाणवते. लहान राज्यांना राज्यसभेत किमान ३ जागा देणारी घटनादुरुस्ती आमच्या खासदारांनी मागावी.

– एक वाचक, वाळपई