टिळक आले असते तर मस्टरवर सही असती

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रबित्र तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. "समोरच्या बोळात राहतेस, येऊन सांग की," असंच म्हणाल. पण समोर आले की तुम्ही चहा टाकता आणि विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

तुम्ही जिथे शिपाई होतात त्या आपल्या शाळेच्या, म्हणजे आताच्या समाजकेंद्राच्या, दर्शनी भिंतीवर वास्तूचा इतिहास लावायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, दहा ओळी तर खरडायच्या! पुण्याच्या पेठेतल्या कुठल्याही जुन्या इमारतीचा इतिहास ऐकीव असतो आणि त्यात टिळक असतातच. मीही 'लोकमान्यांनी या वास्तूत अध्यापन केले' असं ठोकून दिलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचलात आणि म्हणालात, "टिळक आले असते तर मस्टरवर सही असती." मग वयाच्या ७६व्या वर्षी त्या डुगडुगत्या शिडीवरून माळ्यावर चढलात आणि पहिलं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, घेऊन आलात. पहिली नोंद जून १९२७ ची. टिळक गेले १९२० मध्ये. त्यांनी चिपळूणकरांबरोबर १८८० साली उभी केली ती न्यू इंग्लिश स्कूल. आपली म्हणजे चौथीपर्यंतची, कौलारू, नगरपालिकेची शाळा. मी गुपचूप ते वाक्य खोडलं.

ते रजिस्टर अजून डोळ्यांसमोर आहे. कापडी बांधणी, पुठ्ठ्यावर वाळवीची नक्षी, पानापानांत तुम्ही ठेवलेला कडुनिंबाचा पाला. टाकाने लिहिलेली वळणदार अक्षरं. निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा! प्रवेश द्यायला वय बसवायचं तर गुरुजी तरी काय करणार. शेवटचा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण'. १९६१ चं पान तुम्ही न बोलता उलटलंत. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या पानांवर त्या रकान्यात ओळीने एकच कारण, 'पुरामुळे स्थलांतर'. कितीतरी मुलं. काहींच्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'गोखलेनगर', म्हणजे पूरग्रस्तांची नवी वसाहत, लिहून ठेवलंय. वर्गात हाक मारून उत्तर आलं नाही की गुरुजींनी लिहिलं असेल का? खालच्या मजल्यावरच्या कपाटातलं सगळं वाहून गेलं. रजिस्टरं वर हेडमास्तरांच्या खोलीत होती म्हणून राहिली.

पुराचं पाणी कुठवर आलं होतं, तेही तुमच्यामुळेच राहिलं. चौथीच्या वर्गातल्या सागवानी खांबावर एक खिळा आहे. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा आधीच्या शिपाईमामांनी तुमचा हात धरून त्या खिळ्यावर ठेवला होता. नूतनीकरणाच्या वेळी कंत्राटदाराच्या माणसाने पक्कड लावली तेव्हा तुम्ही खांबाला पाठ लावून उभे राहिलात. "आजोबा, गंजलाय तो," असं तो म्हणाला, त्यावरचं तुमचं उत्तर इथे लिहिता येण्यासारखं नाही. खिळा आहे तिथेच आहे. अभ्यासिकेतली पोरं आता त्याला टोपी अडकवतात. तुम्हाला ते चालतं, याचंच मला नवल वाटतं.

शाळा बंद का पडली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाडे पडले, बिऱ्हाडं कोथरूडला आणि सिंहगड रस्त्याला गेली, उरलेल्यांना इंग्रजी माध्यम हवं होतं. पट कमी झाला आणि एका जूनमध्ये घंटा वाजलीच नाही. खरी हळहळ मला पुढच्या गोष्टीची वाटते. सामानाचं निर्लेखन झालं, म्हणजे ते भंगारात काढलं, तेव्हा मोडक्या बाकांच्या ढिगात ही रजिस्टरंही पडली होती. ज्या शहरात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली आणि पुढे तोच वाडा दुकानांच्या पाट्यांमागे दिसेनासा होऊन, २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडायची वेळ आली, तिथे आपल्या शाळेच्या रजिस्टरांना कोण पुसतो! तुम्ही ती उचललीत, डांबरगोळ्या घालून गोधडीत बांधलीत आणि माळ्यावर ठेवलीत. दर उन्हाळ्यात गच्चीवर ऊन दाखवलंत.

त्याचा अर्थ मला परवा त्या दत्तवाडीच्या बाई आल्या तेव्हा कळला. मुलीची जात पडताळणी अडली होती. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजोबा इथे शिकले होते, एवढंच त्यांना माहीत. तुम्ही आडनाव विचारलंत, गल्ली विचारलीत, आणि तासाभरात १९४८ ची नोंद काढून दिलीत. बाईंनी आधी त्या नावावरून बोट फिरवलं, मग मोबाईल काढला. तुम्ही म्हणालात, "फोटो नंतर. आधी रजिस्टर नंबर लिहून घे, उताऱ्याला तोच लागतो." आणि सही-शिक्क्याच्या उताऱ्यासाठी स्वतः त्यांच्याबरोबर गेलात, भर दुपारी.

आता रजिस्टरं रीतसर जमा झाली, त्यांचं स्कॅनिंगही झालं. फलक पुढच्या रविवारी लागतोय. शेवटी तुमचं नाव घालू म्हटलं तर "पाटीवर नाव मेल्यावर" असं म्हणून तुम्ही मला गप्प केलंत. म्हणून फलकावर 'शाळेच्या शिपायांनी जपलेल्या नोंदींवरून' एवढंच आहे. त्यात आधीचे मामाही आले, तेव्हा हरकत घेऊ नका.

मजकूर तुम्ही तपासलात, तरी 'जीर्णोद्धार'चा रफार पेंटरने भलत्याच अक्षरावर दिलाय. रविवारच्या आत येऊन त्याला तुम्हीच झापा, माझं तो ऐकत नाही. आणि माळ्याची किल्ली माझ्याकडेच राहिलीय, तीही घेऊन जा.

तुमची,
चौथी 'ब', खिडकीजवळचा बाक