मनू, ब्रिजेटचं दुसरं पुस्तक वाचलं

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीत इथे ठेवून गेलीस ती हेलन फील्डिंगची, लंडनमध्ये एकट्या राहणाऱ्या ब्रिजेट जोन्सची दोन्ही पुस्तकं वाचून झाली. पहिलं १९९६ चं ते भराभर झालं, पण मला लिहायचंय ते दुसऱ्याबद्दल, १९९९ च्या 'द एज ऑफ रीझन'बद्दल, कारण ते वाचताना सारखी तूच डोळ्यासमोर येत होतीस, आणि फोनवर हे सगळं बोलता येत नाही, मध्येच आई फोन घेते नि विषय मेथीच्या भावावर जातो. म्हणून लिहायलाच बसलो.

पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तिला मार्क डार्सी मिळतो. आपल्याकडे गोष्ट इथे संपते, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लोक जेवायला बसले. पुढे काय होतं हे कोणी सांगत नाही. हेलन फील्डिंग बाईंनी दुसरं पुस्तक बरोबर तिथूनच चालू केलंय, म्हणजे चांगला माणूस मिळाला, आता रोज त्याच्यासोबत राहायचं कसं, आणि मला वाटतं हाच खरा अवघड भाग आहे. पोरगी तीच, डायरीत रोज आधी वजन, सिगरेटी, दारूचे पेग, कॅलऱ्या लिहिणारी, आणि तेवढीच घाबरलेली. साल १९९७ चं, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे काही नाही, तर ही घरी आली की आधी आन्सरिंग मशीन बघते, मग १४७१ फिरवते, तिकडे तो नंबर लावला की शेवटचा फोन कुठून आला होता ते कळतं. तू जेवताना फोन उलटा ठेवतेस आणि दर दोन मिनिटांनी सुलटा करतेस ना, अगदी तेच गं. ते वाचताना मला हसू नाही आलं, जीव कळवळला.

आता ती मार्कवर डोळा असलेली रिबेका. तिच्यासाठी पुस्तकात जेलीफिश म्हटलंय, म्हणजे बोलणं कसं गोड गोड चाललेलं असतं आणि मग एकदम लक्षात येतं की आपल्याला डंख बसलाय, कुठून बसला ते कळतच नाही. अशी माणसं आपल्या इंदुरातही आहेत, सानंद संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात भेटतात, रामबागेत मुंजीला भेटतात, 'अगं किती छान दिसतेस, अजून एकटीच का?' आणि तू हसून मान हलवतेस आणि घरी येऊन खोलीचं दार लावून घेतेस. मला ते दिसतं मनू. बोलत नाही म्हणून दिसत नाही असं समजू नकोस.

पण खरं सांगू, रिबेका एकटी ब्रिजेट आणि मार्कला तोडू शकली नसती. त्यांना तोडलं ते न विचारण्याने. मार्क मुळात घुमा, त्याला वाईट वाटलं की तो अजूनच गप्प होतो, आणि ब्रिजेट त्याला विचारायचं सोडून मित्रमैत्रिणींना विचारत बसते, ज्यूडला विचारते, शॅझरला विचारते, टॉमला विचारते, आणि ती सेल्फ-हेल्पची पुस्तकं, ढीगभर, एकात लिहिलंय पुरुषाला एकटं सोडा, दुसऱ्यात लिहिलंय सोडू नका. सगळं जग तिला सल्ला देतंय आणि ज्याला विचारायचं तो माणूस त्याच शहरात एका फोनच्या अंतरावर बसलेला आहे.

लायब्ररीतल्या एका सरांनी सांगितलं की दुसऱ्या पुस्तकाच्या मागे जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन' आहे, जशी पहिल्याच्या मागे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. मग मी तीपण वाचली, हळूहळू, डिक्शनरी घेऊन. त्यात अ‍ॅन नावाची मुलगी एकोणिसाव्या वर्षी वेंटवर्थला नाही म्हणते, कारण आईच्या जागी असलेली लेडी रसेल सांगते की हा मुलगा तुझ्यालायक नाही, ना पैसा ना घराणं. लेडी रसेल दुष्ट नाही बरं का, तिचं अ‍ॅनवर खरंच प्रेम आहे. आणि त्या प्रेमापायी दोघांची आठ वर्षं जातात. शेवटी बाथच्या एका हॉटेलात, खोलीत बाकीचे लोक बसलेले असताना, तो तिथेच टेबलावर तिला पत्र लिहितो, तोंडाने बोलवत नाही म्हणून. ते पत्र मी परत परत वाचलं. ऑस्टिन १८१७ साली एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, लग्न केलं नव्हतं, आणि ही कादंबरी तिच्यामागे छापली गेली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, मला तुझी लेडी रसेल व्हायचं नाहीये. तू आईला सांगितलंस की त्या मुलाशी बोलणं बंद आहे, ऑफिसातल्या कोणीतरी त्याच्याबद्दल काहीतरी सांगितलं म्हणून. काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी विचारतही नाहीये. तो चांगला आहे का वाईट हे मी इंदुरात बसून ठरवणार नाही, तुझ्या आत्यानेही ठरवू नये, तिला मी तसं सांगितलंय, ती रुसली आहे, रुसू दे. पण ज्याने सांगितलं त्याच्याकडून ऐकून नको संपवूस गं. त्या मुलालाच समोर बसवून सरळ विचार. मेसेजवर नाही, समोर. उत्तर वाईट आलं तर आलं, तेव्हा ते तुझं स्वतःचं उत्तर असेल, कोणाकडून कानावर आलेलं नसेल.

पुस्तकातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ती भिंतीची. गॅरी नावाचा मिस्त्री तिच्या फ्लॅटच्या भिंतीला हे एवढं मोठं भोक पाडतो, पैसे घेतो आणि काम टाकून निघून जातो. लंडनची थंडी, घर उघडं, आणि ही त्या घरात राहतेय, ऑफिसला जातेय, परत येतेय. विनोदी म्हणून लिहिलंय, लोक हसत असतील, मला तर तुझा पुण्यातला फ्लॅटच आठवला, पावसाळ्यात छत गळत होतं आणि तू आम्हाला महिनाभर कळूही दिलं नाहीस. एकटीने सगळं निभावणारी मुलगी बाहेरून किती मजेत दिसते!

आणि मग थायलंड. परतताना विमानतळावर तिच्या सामानात ड्रग्ज सापडतात, दुसऱ्याच कोणाची तरी करणी, आणि पोरगी बँकॉकच्या तुरुंगात. तिला सोडवायला मार्क जिवाचं रान करतो आणि तिला त्यातलं एक अक्षर सांगत नाही. तिला वाटतं त्याला काही पडलेली नाही. इथे मी पुस्तक बाजूला ठेवून आईला म्हटलं, अरे सांग ना बाबा तिला! आई म्हणाली, तुम्ही तरी कधी सांगता.

म्हणून आज सांगतोय. तू लग्न केलंस तरी, नाही केलंस तरी, ह्याच्याशी केलंस तरी, मला तू आहेस तशी फार आवडतेस, आणि इथली वरची खोली तुझीच आहे, तिथे मी कोणाला भाडेकरू ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. तिसरं पुस्तकही आहे, २०१३ चं, पण त्यात मार्क गेलेला असतो आणि ती दोन मुलांना घेऊन एकटी असते, ते एवढ्यात माझ्याच्याने वाचवणार नाही.

थंडी आहे तोवर एकदा ये, सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू, ते तळलेले कंद, चालू आहेत, रात्री जाऊ तिघं. आणि त्याला विचारलंस की तो काय म्हणाला ते मला नाही सांगितलंस तरी चालेल, फक्त विचारलंस एवढं कळव.

तुझा,
बाबा